नायट्रो बग्गी घेताना पैसे कुठे घालायचे: स्वस्त की भारी?

रेसिंगसाठी पहिली नायट्रो बग्गी, म्हणजे नायट्रो इंधनावर पळणारी रिमोटची छोटी गाडी, घ्यायची म्हटलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, स्वस्तातली घेऊ का एकदम भारी. मी म्हणतो नुसती किंमत बघून ठरवूच नका, कारण दोन्हीकडे खरा खर्च लपलेला असतो. मी इथे १/८ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाच्या) ऑफ-रोड बग्गीबद्दल सांगतोय, ३.५ सीसीचं इंजिन आणि १२५ सीसीची टाकी असलेली, कारण रेसिंग खरं जोरात चालतं ते याच क्लासमध्ये.

भारी म्हणजे मुगेनची एमबीएक्स८, क्योशोची इन्फर्नो एमपी१०, एक्सरेची एक्सबी८ असल्या गाड्या. किटच साधारण ६५०-७०० डॉलरच्या पुढे जातं आणि डबा उघडला की नवीन माणूस चक्रावतो, कारण त्यात इंजिन नाही, एक्झॉस्ट पाईप नाही, स्टीअरिंग आणि थ्रॉटल-ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटर म्हणजे सर्वो नाहीत, रिमोट नाही, बहुतेक वेळा टायरही नाहीत. शिवाय इंजिन फिरवून चालू करणारा स्टार्टर बॉक्स आणि ग्लो प्लग तापवणारा ग्लो इग्नायटर वेगळा. हे सगळं धरलं की खर्च दुप्पट तर सहज होतो. स्वस्त आरटीआर (रेडी-टू-रन, म्हणजे तयार) गाडीत उलट, सगळं डब्यातच असतं, पण त्यातलं बरंच रेसच्या धक्क्याला टिकत नाही आणि ते एकेक करून बदलताना तुम्ही हळूहळू दुसऱ्या गाडीचे पैसे भरता.

माझी पहिली आरटीआर होती. तिसऱ्याच रेसला एका जंपवरून वाकडी उतरली आणि स्टीअरिंग सर्वोचे प्लास्टिकचे दात गेले. ते बदललं, तर पुढच्या वेळी रिसीव्हरचा सिग्नल गेला आणि गाडी फुल थ्रॉटलमध्ये सरळ कठड्यावर, पुढचं चाक धरणारा आर्म तुटला आणि शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात तो शॉक टॉवर वाकला. त्या रिमोटमध्ये फेल-सेफ, म्हणजे सिग्नल गेला की सर्वो ठरलेल्या जागी नेणारी सोय, नव्हतं. नशीब तिथे कुणी उभं नव्हतं, तीन-साडेतीन किलोची गाडी त्या वेगात पायावर आली तर हाड मोडेल.

म्हणून गाडी कुठलीही घ्या, पहिले पैसे चांगल्या रिमोटला आणि मेटल गिअरच्या सर्वोंना, स्टीअरिंगला तरी १५ किलोच्या वर ताकदीचा (टॉर्कचा). फेल-सेफ ब्रेकवर सेट करा, इंजिन बंद असताना रिमोट ऑफ करून बघा सर्वो खरंच ब्रेकवर जातो का. आणि कार्बच्या (कार्बोरेटरच्या) लिव्हरला एक रिटर्न स्प्रिंग लावा, कारण रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेल-सेफ काही करू शकत नाही, तेव्हा थ्रॉटल बंद करते ती स्प्रिंगच.

त्यानंतर टायर. ट्रॅकच्या मातीला जुळणारे टायर लावलेली स्वस्त गाडी, चुकीच्या टायरवरच्या भारी गाडीला खुशाल मागे टाकते, हे मी कितीदा बघितलंय.

मग भारी गाडीत जास्तीचे पैसे जातात कुठे? शॉक जाड आणि मोठे असतात, जास्त तेल मावतं म्हणून वीस मिनिटांनंतरही पहिल्यासारखंच काम करतात. चेसिस ७०७५ ॲल्युमिनियमचं, पटकन वाकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिफ (डिफरन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) गळत नाहीत. पुढे-मध्ये-मागे मिळून तीन डिफ असतात, त्यात वेगवेगळ्या जाडीचं सिलिकॉन तेल भरून गाडीचं वळणं ठरवतात, सुरुवातीला त्याच क्रमाने ५०००-७०००-३००० जाडीचं चालून जातं. स्वस्त गाडीत हेच तेल भरलं तरी चार टाक्या झाल्या की सीलमधून बाहेर आलेलं असतं, सेटिंग काल एक आणि आज वेगळं, मग चूक आपल्या ड्रायव्हिंगची का गाडीची तेच कळत नाही आणि शिकणं थांबतं.

मी स्वतः मधला रस्ता धरायला सांगेन. एक पिढी जुनी, वापरलेली भारी गाडी घ्या, इंजिनाशिवाय. घेताना उलटी करून चेसिस बघा, खालच्या स्क्रूची डोकी घासून सपाट झाली असतील तर सोडा. डिफच्या कपांना खाचा पडल्यात का, आर्म हलवल्यावर ढिले वाटतात का ते बघा. आणि घ्यायच्या आधी एक रविवार ट्रॅकवर जाऊन उभे राहा, तिथे जी गाडी जास्त लोक चालवतात तीच घ्या, कारण रेसच्या मध्ये आर्म तुटला तर शेजारच्या टेबलवरून मिळतो, परदेशातून मागवलेला पार्ट महिन्याने येतो.

इंधनाची सोय मात्र गाडीच्याही आधी बघा. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं हे मिश्रण ज्वलनशील, विमानाच्या पार्सलने येत नाही. अमेरिकेत २५-३० टक्के नायट्रो सर्रास मिळतं, पण युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून सामान्य माणसाला लायसन्सशिवाय १६ टक्क्यांच्या वरचं घेता येत नाही, तिकडे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून इंजिन ट्यून करावं. एका गॅलनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटरमध्ये, जेमतेम तीस टाक्या भरतात आणि एक टाकी आठ-दहा मिनिटं पुरते, यावरून महिन्याचा हिशोब करा.

इंजिन नवीनच घ्या, मधल्या किमतीचं चालेल. थंड इंजिन हेअर ड्रायरने गरम करून मग चालू करा, पहिल्या सहा-सात टाक्या मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून चालवा, पाईपमधून धूर दिसत राहिला पाहिजे. घाईने लीन (इंधन कमी) केलं की वेग वाढतो, सगळ्यांना छान वाटतं आणि पिस्टन-स्लीव्ह (पिस्टन आणि तो ज्यात फिरतो ती नळी) संपतं. आपल्याकडच्या धुळीत तर एअर फिल्टरला तेल लावल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरवूच नका, दर रेस-डेला फोम धुतलेला हवा, महागडं इंजिनही धुळीपुढे टिकत नाही.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, दोन थेंब आफ्टर-रन ऑइल (इंजिन ठेवून देताना घालायचं तेल) घाला आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. वरच राहिला तर थंड होताना स्लीव्ह त्याच्यावर आवळते आणि पुढच्या रविवारी इंजिन अडकलेलं सापडतं.