जपानी मिठाई: तिथेच काय खायचं, घरी काय आणायचं

‘येताना मोची आण’ असं हक्कानं सांगणाऱ्यांनी चार दिवसांची मोची (चिकट तांदळाची मऊ मिठाई) बहुतेक कधी चावलेली नसते. जपानी मिठाई, म्हणजे वागाशी, घेताना रंगरूप नंतर बघा, आधी तिच्यात पाणी किती ते बघा. तिची प्रतवारीच ओलाव्यावर आहे. ३० टक्के किंवा जास्त ओलावा ती नामागाशी: दाइफुकु (गोड सारण भरलेली मोची), दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे), फुलापानांच्या आकाराची, गोड गराची नेरिकिरी. १० ते ३० टक्क्यांत मोनाकासारखे (कुरकुरीत पारीत गोड गर) प्रकार. त्याहून कोरडी ती हिगाशी: राकुगान (साच्यात दाबलेली पीठ-साखर), कोनपेइतो (साखरेचे खडे). पहिली तिथेच खायची, शेवटची बिनधास्त बॅगेत टाकायची.

दुकान शोधायला डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर गाठा, बस्स.

खाताना एक घास, एक घोट असं करू नका. माचाबरोबर (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) आलेली मिठाई आधी संपवायची, मग माचा प्यायचा. माचात साखर नसते आणि मागायचीही नसते. जिभेवर रेंगाळणारा गोडवाच त्याचा कडवटपणा तोलतो. नेरिकिरी अख्खी तोंडात न टाकता सोबतच्या लाकडी काडीनं, कुरोमोजीनं, तीन-चार तुकडे करा. खोलीवर माचा करायचा तर २ ग्रॅम पूड चाळून घ्या (न चाळल्यास गुठळ्या राहतात), ८० अंशांचं ७० मिली पाणी घाला आणि चासेन (बांबूची घुसळणी) मनगटातून पुढे-मागे झपाझप १५-२० सेकंद चालवा. गोल ढवळून फेस येत नाही. उकळतं पाणी घातलंत तर कडूजहर. दाइफुकुला भाजक्या पानांचा होजिचा छान लागतो, त्याला उकळतं पाणी चालतं. योकान म्हणजे गोड गराची घट्ट वडी, तिच्यासोबत सेंचा, म्हणजे पानांचा हिरवा चहा.

आता जिथे हमखास पैसे वाया जातात ती गोष्ट: तारीख आणि फ्रीज.

पाकिटावर दोनपैकी एक मुदत असते. ‘शोहि-किगेन’ उलटली की खायचं नाही. ‘शोमि-किगेन’ म्हणजे तोवर चव उत्तम. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून यातली कुठली आहे ते पाहा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी वाचायची: २६.०८.०९ म्हणजे ९ ऑगस्ट २०२६. वर्षाच्या जागी नुसता ८ दिसला तर तो रेइवा, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचा सन. त्यात २०१८ मिळवा. ही मुदत न फोडलेल्या पाकिटाची असते आणि ती तुमच्या खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत. म्हणून नमुन्याच्या खोक्यावर विसंबू नका. ‘नान्निचि मोचिमास् का?’ विचारा, म्हणजे किती दिवस टिकेल. नामागाशीचं उत्तर बहुधा आज किंवा उद्या असतं.

मग ‘फ्रीजमध्ये ठेवा’ हा सल्ला येतो. साफ चूक. उकडीचा मोदक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर पारी कशी चिवट होऊन तडकते? इथेही तेच. तांदळातला शिजलेला स्टार्च थंडाव्यात पुन्हा घट्ट होतो, आणि फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात लवकर. साध्या दाइफुकु उरल्याच तर प्रत्येक वेगळी गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये ठेवा आणि खाण्याआधी बाहेर काढून आपोआप सुटू द्या. स्ट्रॉबेरीवाल्या मात्र गोठवू नका. फळाला पाणी सुटून सगळा लगदा होतो. मोचीचे जे डबे आठवडे टिकतात, त्यांच्या पारीत भरपूर साखर घोटलेली असते. ते न्या, पण ताज्या मोचीची चव अपेक्षू नका.

घरी न्यायला बंद पाकिटातलं योकान सर्वांत भरवशाचं. अझुकी या लाल कडधान्याचा गोड गर, साखर आणि समुद्रशैवालाचं कांतेन. काहींची मुदत वर्षभराची असते. शाकाहाऱ्यांनी जेली-पुडिंगमधलं जिलेटिन तपासावं. तांदळाच्या कुरकुरीत सेनबेइलाही निव्वळ शाकाहारी समजू नये, मसाल्यात माशाचा अर्क सर्रास असतो. नागासाकीचा कास्तेला केक अंड्याचा. सोळाव्या शतकात गोवा-मकाव करत तिथे पोचलेल्या पोर्तुगीजांची ही देणगी. कोनपेइतोचे खडेही त्यांचेच, दिसायला थेट आपला काटेरी हलवा.

ऑफिसात वाटायचं असेल तर खोक्याचा आकार पाहू नका, आतले नग मोजा आणि प्रत्येक नग सुटा गुंडाळलेला आहे ना ते बघा. पुडिंग आणि पातळसर मिझु-योकान चेक-इन बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीत ते द्रव धरले जातात आणि १०० मिलीच्या वरचं तिथेच राहतं.