रुग्णाच्या डोसची संदर्भ पातळी ठरवताना या चुका टाळा

शंभर किलोच्या रुग्णाचा पोटाचा सीटी झाला, डीएलपीचा (संपूर्ण स्कॅनमधील एकूण किरण-डोसचा) आकडा भिंतीवरच्या संदर्भ पातळ्यांच्या तक्त्यापेक्षा मोठा आला आणि टेक्निशियनला जाब विचारला गेला, असे अनेक विभागांत घडते. येथे निदान संदर्भ पातळीला, म्हणजे निदानाच्या तपासण्यांतील डोसची तुलना करण्यासाठी ठरवलेल्या आकड्याला, मर्यादा समजण्याची मूळ चूक झालेली असते. मर्यादा कर्मचाऱ्यांसाठी असते: अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरण-डोसचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षी जास्तीत जास्त ३०. रुग्णासाठी अशी मर्यादा मुद्दामच ठेवलेली नाही, कारण आकड्यापायी आवश्यक तपासणी अर्धवट सोडणे त्याच्या हिताचे नसते. संदर्भ पातळी तपासते ती विभागाची नेहमीची पद्धत. अनेक केंद्रांतील एकाच तपासणीचे मध्यक (प्रत्येक केंद्राचे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) चढत्या क्रमाने मांडून, तीन चतुर्थांश केंद्रे ज्याच्या खाली राहतात तो आकडा त्यासाठी निवडला जातो.

आपल्या केंद्राचा आकडा काढताना किमान २० रुग्ण घ्यावेत आणि सरासरीऐवजी मध्यकच वापरावा. रुग्ण हलल्यामुळे एखादी तपासणी दोनदा करावी लागली, तरी सरासरी विनाकारण वर ओढली जाते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नावांमुळे. ‘पोटाचा सीटी’ या एकाच नोंदीखाली मूतखड्यासाठी एकदाच केलेला कमी डोसचा स्कॅन आणि यकृतातील गाठीसाठी तीन टप्प्यांत केलेला स्कॅन एकत्र पडले, तर त्यांचा मध्यक दोघांपैकी कोणाचेच वर्णन करत नाही. म्हणून पातळी अवयवापेक्षा तपासणीच्या कारणानुसार ठरवावी, आणि मुलांसाठी ती वजनाच्या गटांनुसार वेगळी काढावी.

मुलांच्या बाबतीत फँटमही (डोस मोजण्यासाठी रुग्णाच्या जागी वापरला जाणारा प्लास्टिकचा दंडगोल) पाहावा लागतो. डोस रिपोर्टच्या पानावर सीटीडीआयच्या (सीटीच्या डोसचा निर्देशांक) आकड्याशेजारी फँटमचा व्यास १६ किंवा ३२ सेंटीमीटर असा छापलेला असतो आणि नेमके तेच वाचायचे राहून जाते. किरणांचे प्रमाण तेच असले तरी १६ च्या फँटमवरचा आकडा साधारण दुप्पट दिसतो. त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करून एकाला दोषी ठरवण्याआधी हे पान उघडावे. एक्स-रेच्या डॅपचेही (डोस गुणिले किरण पडलेले क्षेत्रफळ) तसेच आहे: १ ग्रे-चौरस सेंटीमीटर म्हणजे १०० मायक्रोग्रे-चौरस मीटर, आणि एककाचा रकाना नसलेल्या एक्सेल शीटमध्ये हा शंभरपटीचा फरक बेमालूम मिसळून जातो.

मध्यक खरोखरच पातळीच्या वर निघाला, तर यंत्र बदलण्याची चर्चा नंतर करावी. आधी रुग्ण गॅन्ट्रीच्या (सीटी यंत्राच्या गोल कड्याच्या) मध्यावर येतो का, हात डोक्यावर घेतले जातात का आणि स्कॅनची लांबी गरजेपेक्षा जास्त आहे का, हे पाहावे. बहुतेकदा कारण येथेच सापडते. उलट, मध्यक फारच खाली असेल तर रेडिओलॉजिस्टला प्रतिमा दाखवून त्या वाचण्याजोग्या आहेत का ते विचारावे, कारण धूसर प्रतिमेमुळे स्कॅन पुन्हा करावा लागला तर वाचवलेला डोस दुपटीने द्यावा लागतो.

प्रोटोकॉलमधील (यंत्रात साठवलेल्या स्कॅनच्या सेटिंगमधील) बदलांची नोंद न ठेवणे ही चूक मात्र महागात पडते. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात मेंदूच्या परफ्यूजन (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या) सीटीत दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट डोस मिळाल्याचे उघड झाले. असा बदल झाल्यापासून हा प्रकार जवळपास दीड वर्ष चालू होता; स्कॅनच्या वेळी आकडा पडद्यावर दिसत होता, पण तो कशाशी ताडून पाहायचा हे ठरलेले नव्हते, आणि एका रुग्णाचे केस गळू लागल्यावरच शंका आली.