जीपीएस लॅप टायमर वापरताय? ट्रॅक डेला या चुका टाळा

खान्देशात रेस ट्रॅक नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रायडरला ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली बाइक पळवायचा दिवस) करायचा तर सहसा चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (3.717 किलोमीटर) नाहीतर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे (2.1 किलोमीटर) गाठावा लागतो. बाइक पिकअपमध्ये किंवा भुसावळहून पार्सलने, आणि आपण नवजीवन एक्स्प्रेसने. एवढी यातायात करून दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची मोजकीच सेशन्स मिळतात. त्यातल्या एका सेशनमध्ये जीपीएसवरून प्रत्येक लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या फेरीची, वेळ मोजणाऱ्या टायमरने लॅपच पकडले नाहीत, तर जीव जळतो. खरं तर अशा वेळी टायमर क्वचितच बिघडलेला असतो. तो बसवताना, चालू करताना किंवा फिनिश लाइन (टायमरच्या नकाशावरची रेषा, जी ओलांडली की लॅप मोजला जातो) आखताना काहीतरी चुकलेलं असतं, आणि हे सगळं टाळता येतं.

चालू केला आणि लगेच निघालो

टायमर महिनाभर कपाटात बंद होता आणि आता हजार किलोमीटरहून लांब जाऊन चालू केला, तर आपल्या डोक्यावर कोणते उपग्रह आहेत हे त्याला नव्याने शोधावं लागतं. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण उतरायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. पिटच्या (ट्रॅकशेजारी बाइक उभ्या करायच्या जागेच्या) पत्र्याखाली उभं राहून बटण दाबलं तर हा वेळ आणखी लांबतो. म्हणून सकाळी पोहोचल्यावर पहिलं काम हे करा: टायमर चालू करून उघड्यावर, आभाळ दिसेल असा पंधरा मिनिटं ठेवून द्या. तोवर रायडर्स ब्रीफिंग उरकतं. पुढच्या सेशन्सना दोन-तीन मिनिटं पुरतात.

चुकीच्या जागी बसवला

सीटखाली, टाकीच्या बॅगेत, रेसिंग सूटच्या आत छातीशी, अशा सगळ्या जागा मी पाहिल्या आहेत. अँटेनाला वर मोकळं आभाळ हवं. धातू आणि कार्बन फायबर सिग्नल अडवतात, आणि टाकीवर ओणवा झालेला रायडरही अडवतो. प्लॅस्टिकच्या मागच्या काउलवर (शेपटाच्या आवरणावर), सपाट, सीटच्या मागे ही जागा उत्तम. सूटमध्ये तर कधीच ठेवू नका. पडल्यावर ती कडक डबी बरगडीत घुसेल.

दुहेरी टेप लावण्याआधी जागा पुसून तेल-मेण काढा. उन्हात टेप सुटतो, म्हणून सोबत सेफ्टी वायर किंवा केबल टाय हवाच. सरळ पट्ट्यावर सुटलेला टायमर मागच्या रायडरच्या व्हायझरवर येऊन आदळतो. मला सगळ्यात जास्त काळजी याच चुकीची वाटते.

फोनवर भागेल असं धरून चाललो

बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतं. ताशी 144 किलोमीटरला बाइक सेकंदाला 40 मीटर जाते, म्हणजे दोन नोंदींमध्ये 40 मीटरचं अंतर पडतं. 10 हर्ट्झच्या (सेकंदाला 10 नोंदी करणाऱ्या) टायमरमध्ये तेच 4 मीटर होतं, 25 हर्ट्झमध्ये 1.6 मीटर. मधला वेळ ॲप अंदाजाने भरतं. सरळ पट्ट्यावर अंदाज बरा येतो, वळणात फसतो. फोनच वापरायचा असेल तर ब्लूटूथने बाहेरचा जीपीएस जोडा आणि फोनचा बॅटरी सेव्हर त्या ॲपपुरता बंद करा. नाहीतर स्क्रीन काळी झाली की काही मिनिटांत फोन ॲपच झोपवून टाकतो. फोन हँडलवरही लावू नका: मोटरसायकल इंजिनच्या कंपनांनी कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलने 2021 मध्येच दिला आहे.

फिनिश लाइन कुठेही ठेवली

बहुतेक चुकीचे लॅप इथूनच येतात. लाइन ट्रॅकला काटकोनात हवी आणि वेगाच्या सरळ पट्ट्यावर हवी. हिशोब बघा: जागेत 2 मीटरची चूक असली, तर सेकंदाला 40 मीटरच्या वेगात ती 0.05 सेकंदाची होते. ताशी 54 च्या संथ वळणात तीच 0.13 सेकंदाची. लाइनची रुंदीही मोजून ठेवावी लागते. फार रुंद ठेवली तर शेजारच्या पिट लेनमधून (पिटकडे जाणाऱ्या वाटेवरून) जातानाही लॅप बंद होतो आणि चुकीची वेळ दिसते.

आमच्या ग्रुपमधल्या धुळ्याच्या एका पोराचे लॅप 2 मिनिटं 9 सेकंदांच्या आसपास येत होते, मधेच 4 मिनिटं 18 आला. क्लच गेला की काय म्हणून तो बाइक उघडायला बसला होता. टायमरचा नकाशा उघडला तर बाइकच्या वाटेची रेघ लाइनच्या टोकापासून थोडी बाहेरून गेलेली. लाइन इतकी अरुंद होती, की बाहेरची बाजू धरून गेलेला तो एक लॅप तिला लागलाच नाही. वेळ जवळपास दुप्पट आली की लाइन चुकली. अर्ध्यावर आली की ट्रॅकच्या दुसऱ्या भागाला लाइन लागली. रेघ गवतात नागमोडी फिरली की सिग्नल अडला. बाइकला हात लावण्याआधी नकाशा बघा.

मित्रांशी सेक्टर (लॅपचे पाडलेले तुकडे) जुळवायचे असतील तर सगळ्यांच्या टायमरमध्ये एकच लाइन, एकच सेक्टर ठेवा. नाहीतर तुलनेला अर्थच नाही.

आकडा चालत्या बाइकवर वाचला

आधीच्या लॅपपेक्षा तुम्ही पुढे आहात की मागे हे टायमरच्या स्क्रीनवर दाखवणारा तो हिरवा-लाल आकडा वळणात बघू नका. मी तर स्क्रीन झाकूनच ठेवा म्हणेन. पिटमध्ये परतल्यावर बाहेर पडतानाचा आणि आत येतानाचा लॅप सोडा, उरलेले शेजारी शेजारी मांडा. एखाद्या सुसाट लॅपपेक्षा कोणत्या सेक्टरमध्ये तुमचे आकडे सारखे वरखाली होतात ते शोधा; पुढच्या सेशनमध्ये तेवढ्याच वळणावर काम करा.

आयोजकांची परवानगी आधी विचारा, काही ठिकाणी लॅप टायमिंग चालत नाही.

घरी तपासलाच नाही

तपासायला ट्रॅक लागत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या बांधावरून पायी फेरी मारा, वाटेत लाइन ठेवा. प्रत्येक फेरीला लॅप लागतोय का बघा. कन्नडचा घाट, तोरणमाळचा घाट हे यासाठी नाहीत. समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, आणि सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे.

आपल्याकडचा मे महिना तर विसरूच नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टायमर ठेवला की लिथियम बॅटरी फुगू शकते. चार्ज सावलीतच करा. आणि परतीची गाडी धरण्याआधी सगळा डेटा फोनवर उतरवून घ्या. काही टायमर जागा भरली की जुनी सेशन्स पुसून त्यावर नवी लिहितात.