अमेरिकेतला पहिला नाताळ: ११ डॉलरमध्ये भरलेलं स्टॉकिंग

दिवाळीचा खर्च क्रेडिट कार्डावरून उतरलेला नसतो, तोवर मूल शाळेतून विचारत येतं, "आपण स्टॉकिंग कधी लावायचं?" स्टॉकिंग म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री सांताच्या छोट्या भेटींनी भरून टांगायचा मोठा मोजा. घर एका पगारावर चालत असलं तरी घाबरू नका. न्यू जर्सीच्या भावांनी एका मुलाचं स्टॉकिंग साधारण ११ डॉलरमध्ये नीट भरतं.

खर्च ठरतो तो मोज्याच्या मापावर. दुकानात टांगलेले बहुतेक मोजे १८ ते २० इंची असतात. ते किती गिळतात हे भरायला बसल्यावर कळतं, मग २३ तारखेला पुन्हा दुकानात धाव आणि हाताला येईल ते महागडं सामान. १२-१४ इंची मोजा घ्या. मोठाच आणला असेल तर टाचेपर्यंत टिश्यू पेपरचे बोळे कोंबा, कोणी मोजत नाही. फेल्टचे स्वस्त मोजे बऱ्याचदा नुसते चिकटवलेले असतात. टाचेपाशी आणि लटकवायच्या फासाला चार टाके घालून घ्या, नाहीतर संत्र्याच्या वजनाने शिवण उसवते.

हो, संत्रं. मोज्याच्या पंजात, म्हणजे अगदी तळाशी, संत्रं घालायची पद्धत इथे जुनी आहे. संत निकोलसने गरीब मुलींच्या घरात टाकलेल्या सोन्याची ती खूण मानतात. आपल्या कामाचं म्हणजे ते स्वस्त असतं आणि पंजा भरतं. जाळीच्या पिशवीतली दोन क्लेमेंटाइन (छोटी संत्री) साठेक सेंटला पडतात. त्यावर एरवीही घ्यावंच लागणारं सामान: ताणले जाणारे हातमोजे (१.२५), सहाच्या पाकिटातली सॉक्सची एक जोडी (१.१०), टूथब्रश (१), लिप बाम (१). इथल्या पहिल्या थंडीत ओठ फुटतातच. मग २४ क्रेयॉन (१), छोटी मोटारगाडी (१.५०), एक पुस्तक (१) आणि एक चॉकलेट (१.५०). तोंडाशी कँडी केन (काठीच्या आकाराची गोळी), १२च्या डब्यातली एक, वाकडं टोक बाहेर दिसेल अशी. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, म्हणून सॉक्स-हातमोजे लावलेल्या किमतीलाच मिळतात. खेळणी आणि कँडीवर ६.६२५ टक्के लागतो.

पुस्तकासाठी आधी गावच्या पब्लिक लायब्ररीत जा. बऱ्याच ठिकाणी जुन्या पुस्तकांचं कपाट कायम असतं, मुलांची पुस्तकं डॉलरच्या आसपास मिळतात.

डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानात आता डॉलरला फारसं काही मिळत नाही. २०२१मध्ये त्यांनी मूळ किंमत १.२५ केली आणि त्याहून महाग वस्तूही ठेवू लागले. हातमोजे, टिश्यू पेपर, रंगकामाच्या वह्या तिथूनच घ्या. टूथपेस्ट आणि कँडी मात्र औंसामागे किती पडते ते पाहून घ्या, डबे लहान असतात. 'हेवी ड्यूटी' लिहिलेल्या बॅटऱ्या अल्कलाइन नसतात, खेळण्यात लवकर मान टाकतात.

शाकाहारी घरांनी कँडीच्या पाकिटाची पाठ वाचावी. मार्शमॅलो आणि गमी बेअरमध्ये जिलेटिन असतं, ते बहुधा डुकराचं. इथलं कँडी कॉर्नही त्यातलंच. सावर पॅच किड्स, स्वीडिश फिश, स्किटल्स यांत जिलेटिन नाही. यॉर्क पेपरमिंट पॅटीत अंड्याचा पांढरा बलक असतो. 'व्हेजिटेरियन' असा हिरवा ठिपका इथे शोधू नका, तो कायदा भारतातला. इंडियन स्टोअरमधली चिक्की बटर पेपरमध्ये गुंडाळून घातली तर छानच, फक्त ती दप्तरातून शाळेत जाऊ देऊ नका. अनेक शाळांत शेंगदाण्याला मनाई असते.

तीन वर्षांखालचं भावंड असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी वस्तू मोठ्याच्या मोज्यातही नको. बटण बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद नसेल, किंवा सुटे छोटे चुंबक असतील, तर खेळणं कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

स्टॉकिंग फायरप्लेसपाशी टांगतात, पण अपार्टमेंटमध्ये ती बहुधा नसते आणि खिळा ठोकला की डिपॉझिट कापतात. भिंतीला चिकटणारा कमांड हुक लावा: पाकिटावरची वजनमर्यादा बघून ३ पाउंडांचा घ्या, भिंत रबिंग अल्कोहोलने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि तासभर त्यावर काही टांगू नका. घाई केली की पहाटे तीनला धप्पकन आवाज येतो. भिंतीच्या तळाशी बसवलेल्या बेसबोर्ड हीटरच्या वर मुळीच नको: चॉकलेट वितळतं आणि कापड पेटण्याचा धोका वेगळाच.

तोवर सामान लपवायचं कुठे? भारतातून आलेल्या रिकाम्या मोठ्या बॅगा आहेत ना, त्यांत मुलं कधी डोकावत नाहीत. किमतीच्या चिकट्या आधीच काढा, हेअर ड्रायरची ऊब दिली की सुटतात; सांताच्या भेटीवर क्लिअरन्सचा लाल स्टिकर दिसला की पंचाईत. भावंडं असतील तर नग सारखे ठेवा. किंमत ती बघत नाहीत, संख्या मोजतात. २४च्या रात्री भरताना जड ते खाली, चुरगळणारं वर.

पुढच्या वर्षीचे मोजे २६ डिसेंबरला घ्या, तेव्हा ते बहुतेक दुकानांत निम्म्यावर येतात. क्रेयॉन मात्र ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सेलमध्ये.