दवाखान्यात तिच्यासोबत कोण जाणार?

विद्यार्थ्यांच्या आरोग्य मदत-केंद्रावर यंदा नव्याने बसणार असाल, तर पाळी, गर्भनिरोधक साधनं, पीसीओडी हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. अडतं ते पुढे. पुण्यासारख्या शहरात तुमच्यासमोर काबूलची, सुदानची, मिझोरामची नाहीतर नंदुरबारकडच्या धडगावची मुलगी येऊन बसते आणि खाली बघत राहते, तेव्हा.

भाषा येत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? तिच्याच देशाचा एखादा सिनियर गाठतो. तो इंग्रजी-हिंदी सराईत बोलतो, हौसेने येतोही. मीही हेच करायचे आणि काम झकास चाललंय असं वाटायचं. पण त्याच्यासमोर ती मुलगी ‘पोट दुखतं’ याच्यापुढे जायचीच नाही. त्यांची इथली मंडळी मोजकी. नवरोजला, ईदला सगळे एकत्र जेवतात, एकमेकांना फ्लॅट शोधून देतात, एकाच्या घरचे दुसऱ्याच्या घरच्यांना ओळखतात. पाळी चुकल्याची बातमी फुटायला कुणी दुष्ट असावं लागत नाही. त्याने काळजीपोटी बायकोला सांगितलं, तरी आठवड्याभरात बातमी काबूलला पोचते. धडगावच्या मुलीचंही तेच. वसतिगृहातली पावरी बोलणारी ताई तिच्या आत्याच्या गावची निघते. बाई आणली म्हणजे प्रश्न मिटला, असंही समजू नका. जवळची बाई कधी कधी जास्त अवघड.

म्हणून आधी मुलीला एकटीला विचारा. मोडक्या हिंदीत, मोबाइलवरच्या भाषांतर ॲपने, कसंही. कोण आलेलं चालेल? आणि कोण अजिबात नको? दुसरा प्रश्न गाळू नका, खरी माहिती त्यातच निघते. मग दुसऱ्या शहरातली, तिला न ओळखणारी बाई फोनवर घ्या. मुलीचं नाव सांगू नका, कॉलेज सांगू नका, व्हिडिओ बंद ठेवा. बोलणं अडखळत झालं तरी चालतं, खरंच चालतं. तुम्हाला दहा भाषा यायला हव्यात असं काही नाही.

शेवटच्या पाळीची तारीख मात्र कॅलेंडर समोर ठेवून विचारा. अफगाण आणि इराणी मुली सौर हिजरी महिने मोजतात, इथिओपियाचं वर्ष 13 महिन्यांचं असतं. सोनोग्राफी होईपर्यंत गर्भ किती आठवड्यांचा, हा सगळा हिशोब त्याच तारखेवर चालतो.

कायदा थोडक्यात. मुलगी 18 पूर्ण असेल तर गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते. नवरा, आईवडील, रेक्टर, कुणाचीही सही लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक गटांसाठी दोन डॉक्टर लागतात, आणि त्या गटांतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं. तरी काउंटरवर ‘मिस्टरांना घेऊन या’ ऐकायला मिळेलच. तिथे वाद घालू नका, डॉक्टरांपर्यंत पोचा.

आता कान देऊन ऐका. ‘कुणालाही कळणार नाही’ हे वाक्य वय विचारण्याआधी तोंडातून काढायचं नाही. एफवायला 17 वर्षांच्या मुली असतात. तिथे पालकांची लेखी संमती लागते आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. आधी वचन देऊन मग फिरलात, तर ती मुलगी पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही.

ओळखीच्या मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून देणारे सिनियर प्रत्येक कॅम्पसवर असतात. मला त्यांचा राग येतो. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत, म्हणजे नळीत, असेल तर त्या गोळ्यांनी गर्भपात होत नाही, नळी फुटली तर जीव जातो. कुणी आधीच घेतल्या असतील तर ओरडू नका. तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर लगेच इमर्जन्सीत न्या. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी वेगळी, ती चिठ्ठीशिवाय मिळते; या दोघींची गल्लत रोज होते.

आतून तपासणी होणार या भीतीने कितीतरी मुली रांगेतूनच परत जातात. त्यांना आधीच सांगा, की पोटावरूनही सोनोग्राफी होते, भरपूर पाणी पिऊन जायचं, आणि आतून तपासायला ती नाही म्हणू शकते. हे मला कुठल्या कार्यशाळेत कळलं नाही. ओपीडीतल्या एका जुन्या सिस्टरने केसपेपर लिहिता लिहिता सांगितलं. प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा अशी एखादी सिस्टर जोडा, तिच्यासाठी चहा घेऊन जा.

आणि फॉलोअपचा मेसेज. मुलींचे फोन रूममेट उचलतात, भाऊ तपासतात. म्हणून निघतानाच तिच्याशी ठरवून घ्या: ‘लायब्ररीचं पुस्तक परत केलंस का?’ एवढंच विचारायचं. ‘हो’ आलं तर ठीक आहे, ‘रिन्यू करायचंय’ आलं तर फोन करा.