एचसीआयचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

पुण्यातल्या डिझाइनच्या आणि कॉम्प्युटरच्या मुलांचे एचसीआयचे, म्हणजे माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या विषयाचे, प्रोजेक्ट बघताना एक गोष्ट सतत खटकते. स्क्रीन सुरेख असतात, पण त्या कुणी वापरून पाहिलेल्या नसतात. पाहिल्याच असतील, तर वर्गातल्या मित्रांनी.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. बसतिकिटाचं ॲप रूममेटच्या हातात दिलंत तर तो पटकन तिकीट काढणारच. तुम्ही आठवडाभर त्याच्याशी त्याच ॲपबद्दल बोलताय. तेच स्वारगेटला बसची वाट बघणाऱ्या एखाद्या काकूंना विचारून बघा. ‘चाचणी ॲपची आहे, तुमची नाही’ हे आधी सांगा. मग ‘काकू, तुम्हाला कात्रजला जायचंय असं समजा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. काकू कदाचित पहिल्याच चौकटीत ‘कात्रज’ लिहितील, कारण त्यांच्या डोक्यात आधी येतं ते जायचं ठिकाण. तुमची पहिली चौकट मात्र ‘कुठून’ची. अशा वेळी ‘वरचं नाही, खालचं’ असं अगदी ओठांवर येतं. बोलू नका. बोट कुठे थांबलं, काकू काय पुटपुटल्या, ते लिहून घ्या. तुम्हाला हवी ती माहिती तिथेच आहे. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर विचारूच नका. आपली माणसं तोंडावर ‘छान आहे’च म्हणतात.

टास्क देताना बटणावरचे शब्द वापरणं हीसुद्धा चूकच. ‘“बुक करा”वर जाऊन बुक करा’ म्हटलं की उत्तर तुम्हीच सांगून टाकलंत.

आता आकड्यांचं. पाच जणांवर चाचणी घेतली की ॲपमधल्या बहुतेक अडचणी सापडतात, हे नील्सन आणि लँडॉवर या संशोधकांच्या १९९३ च्या कामातून आलेलं गणित सगळ्यांना पाठ असतं. पण ते पाच जण दोष शोधण्यासाठी. त्यांच्यावरून ‘८० टक्के लोकांना ॲप आवडलं’ असा पाय चार्ट काढला, तर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.

एसयूएसचा, म्हणजे ॲप वापरायला किती सोपं हे मोजणाऱ्या दहा विधानांच्या प्रश्नावलीचा, स्कोअर विचित्र येतोय? दहापैकी सम क्रमांकाची विधानं नकारार्थी असतात, ती उलटवायची राहिली असतील. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करायचे आणि सगळ्यांच्या बेरजेला २.५ ने गुणायचं. येणारा आकडा शंभरपैकी असला तरी ती टक्केवारी नव्हे. सरासरी साधारण ६८ धरतात.

मराठी स्क्रीन शेवटच्या रात्री करायला ठेवू नका. इंग्रजीला बेतलेल्या ओळींच्या उंचीत ‘र्की’चा रफार आणि वेलांटी वरून कापली जातात, ‘त्रू’चा उकार खालून. सर्चमध्ये ‘कोथरूड’ आणि ‘कोथरुड’ दोन्ही सापडायला हवेत, रोमन लिपीत टाइप केलेलंही. आणि ती फिकट राखाडी अक्षरं भर उन्हात कुणालाच वाचता येत नाहीत. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) ठेवा.

पहिली चाचणी फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी, कागदावर काढलेल्या स्क्रीन घेऊन करा. कागदावरची चौकट खोडायला कुणाचा जीव तुटत नाही आणि काकूही मोकळेपणाने चुका दाखवतात. ते खोडलेले कागद फेकू नका, रिपोर्टला जोडा.