ओढ्यात मासे परत हवेत? मग पाणलोटाच्या कामातल्या या चुका टाळा

पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की बोलणं इचलकरंजी-शिरोळकडच्या सांडपाण्यावर येतं, आणि ते यायलाच हवं. पण खडस (महसीर), मळ्या, मुरे यांसारख्या वाहत्या पाण्याच्या माशांची अंडी-पिल्लं वाढतात ती वर, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीला मिळणाऱ्या रानातल्या ओढ्यांत. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांत पाणलोटाची कामं पुष्कळ झाली आहेत. झाडं लागली, चर खोदले, बंधारे बांधले. तरीही बऱ्याच ओढ्यांत मासे वाढले नाहीत, कारण ही कामं पाणी अडवण्यासाठी आखलेली असतात. माशाला साठवलेलं पाणी पुरत नाही. त्याला सावलीतलं थंड पाणी लागतं, दगडांच्या फटी मोकळ्या असलेला तळ लागतो आणि खालून वर जायला वाट लागते. या तिन्हींपैकी एक तुटलं तरी बाकीचा खर्च वाया जातो.

दुष्काळी भागाचा आराखडा घाटमाथ्यावर वापरणं

शिरोळला वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्याला तो पाच हजारांच्या पुढे जातो. दोन्हीकडे एकच सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत न तोडता खोदलेला) कसा चालेल?

हिशोब करून बघा. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चरात एका मीटर लांबीला 0.18 घनमीटर पाणी मावतं. दोन चरांमध्ये 10 मीटर अंतर धरलं तर हा चर फक्त 18 मिलिमीटर पाणी धरतो. आषाढात घाटमाथ्यावर एवढा पाऊस तासाभरात पडतो, आणि तोवर जमीन आधीच भिजून गच्च असते. चर भरतो, सगळ्यात खालच्या जागी फुटतो आणि तिथून घळ पडायला सुरुवात होते. तीव्र उतारावर, खोल मातीच्या जागी चरात मुरलेलं पाणी दरड सुटायलाही हातभार लावतं.

म्हणून अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वरच्या पट्ट्यात आणि 25 टक्क्यांहून जास्त उतारावर चर खोदू नका. तिथं गवत आणि झुडपं राखणं हेच खरं मृदसंधारण. चराई आणि वणवा तीन पावसाळे थांबवला तर कारवी, अंजनी, करवंद, जांभूळ बहुतेक ठिकाणी आपोआप उठतात. जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) डिसेंबर-जानेवारीतच काढा, गवत अजून पुरतं वाळलेलं नसताना. मार्चमध्ये जाळरेषा काढायला गेलेल्यांच्याच हातून वणवा सुटतो. आणि वणव्यानंतरचा पहिला वळीव राख आणि उघडी माती थेट डोहात नेऊन टाकतो.

चर खोदलेच असतील आणि फुटत असतील, तर दर 10-15 मीटरला मधे एक मीटर न खोदलेली माती ठेवून त्यांचे तुकडे करा. जादा पाणी बाहेर पडायची जागा गवताळ असू द्या.

सड्यावर झाडं लावणं

जांभ्याचे सडे (डोंगरावरची सपाट खडकाळ पठारं) उघडे दिसतात, म्हणून तिथं खड्डे घेतले जातात. मसाई पठारासारखे सडे मुळातच बिनझाडांचे असतात. वर बोटभर माती, त्यात पावसाळी गवत आणि फुलं, खाली जांभ्याच्या भेगा. याच भेगांतून मुरलेलं पाणी कड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून निघतं आणि हिवाळ्यात ओढा वाहता ठेवतं. जेसीबीने जांभा फोडून लावलेलं सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ जगो न जगो, फुटलेल्या जांभ्याची लाल माती मात्र दर पावसात खाली येत राहते. सडा आहे तसा राखा. झाडं लावायचीच असतील तर सड्याच्या कडेखाली, जिथं माती हातभर खोल आहे तिथं लावा.

गाडीवाटेचं लाल पाणी दुर्लक्षित ठेवणं

ओढ्यात येणारा गाळ रानातून कमी आणि कच्च्या रस्त्यांवरून जास्त येतो. हे पाहायला भर पावसात ओढ्याच्या काठाने चालावं लागतं, आणि पाहणी मात्र उन्हाळ्यात होते. गाडीवाटेच्या चाकोरीतून वाहणारं पाणी थेट ओढ्यात उतरत असेल, तर वर कितीही झाडं लावली तरी तळाच्या दगडांवर मातीचा थर बसणारच. मासे अंडी दगड-गोट्यांच्या फटींत टाकतात. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात फटींत गाळ भरला तर अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

उपाय स्वस्त आहे. वाटेवर तिरके आडवे उंचवटे घाला, वाटेला साधारण 30 अंशांच्या कोनात. 5 टक्के उताराला 40 मीटरवर, 10 टक्क्यांना 25 मीटरवर, 15 टक्क्यांना 15 मीटरवर असं अंतर मैदानी पावसाला चालतं. आपल्याकडे ते निम्मं धरा. उंचवट्याची दाबून पक्की झालेली उंची 30 सेंटिमीटर ठेवा, नाहीतर पहिल्याच ट्रॅक्टरने तो सपाट होतो. वळवलेलं पाणी दगडांच्या पसाऱ्यावर पाडून गवतात सोडा. ओढा तिथून 15-20 मीटर तरी लांब असावा.

काठावर जूनमध्ये लागवड

वर उतारावर मृगाचा पाऊस झाल्यावर लागवड करणं बरोबर आहे. ओढ्याच्या काठावर तीच तारीख चुकते. जूनमध्ये लावलेलं वीतभर रोप जुलैच्या पुरात निघून जातं आणि पुन्हा पुढच्या जूनपर्यंत कुणी फिरकत नाही. पुराच्या रेषेखालची लागवड पाऊस ओसरताना करा, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. काठात ओल असते, पूर टळलेला असतो, आणि मुळं धरायला आठ महिने मिळतात.

वाळुंज हे काठावरचं झाड फांदीवर लागतं. अंगठ्याएवढ्या जाडीची, 60 ते 90 सेंटिमीटर लांबीची कलमं तोडल्या दिवशीच लावा. दोन तृतीयांश भाग जमिनीत, डोळे वरच्या बाजूला. पहारीने आधी भोक पाडा. कलम ठोकून घातलं तर साल सोलली जाते आणि तिथूनच ते कुजतं. वाळुंजामागे करंज, उंबर आणि पाणजांभूळ, आणि त्यामागे जांभूळ, हिरडा. जांभळाचं बी दोन-तीन आठवड्यांत मरतं, ते साठवू नका, ताजंच पेरा. प्रवाहातल्या खडकांत उगवणारी शेरणी अडथळा समजून उपटली जाते. तिला हात लावू नका. पुरात काठ आणि वाळू धरून ठेवणारं तिच्यासारखं दुसरं झुडूप नाही.

ओढ्याच्या दोन्ही अंगांना किमान 10 मीटर पट्टा राखा, तीव्र उतारावर जास्त. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ या पट्ट्यात नकोतच. त्यांची पानं पाण्यात लवकर कुजत नाहीत. पानं कुजली तर त्यावर किड्यांच्या अळ्या, आणि अळ्यांवर मासे.

ओढा ‘साफ’ करणं

सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने होतं. खोलीकरणासाठी यंत्र उतरतं. डोहातला गाळ, गोटे, पडलेली खोडं, काठाची झुडपं सगळं बाहेर निघतं. ओढा सरळ, रुंद आणि सपाट होतो. पहिल्या वर्षी पाणी जास्त दिसतं, म्हणून समाधान वाटतं.

पण तेवढंच पाणी आता रुंद पसरून उथळ वाहतं. एप्रिलमध्ये सावली नसलेल्या उथळ पाण्याचं तापमान दुपारी 30 अंशांवर जातं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशाला तो साडेसातवर येतो. त्यात पालापाचोळा कुजत असेल तर पहाटे तो 5 च्या खाली जातो, आणि खळाळात वाढलेले मासे सगळ्यात आधी गुदमरतात. मुरे आणि वाम दगडांच्या कपारीत दिवस काढतात. कपारच नसेल तर खंड्या आणि बगळे त्यांना टिपतात.

दगड पुन्हा आणायचे असतील तर ढीग टाकू नका. पुरातही हलणार नाहीत असे मोठे दगड घ्या, 60 सेंटिमीटरच्या पुढचे. त्यांचा एक तृतीयांश भाग तळात पुरा. तीन-तीनचा गट तिरका ठेवा, म्हणजे प्रवाह एका काठाकडून मधे वळतो आणि दगडामागे स्वतःच डोह खणतो. काठाला लागून पाणी वळलं तर काठ कापला जाईल, तेवढं पाहा. पडलेलं झाड मुळांसकट आहे तिथंच राहू द्या. मोरीच्या किंवा पुलाच्या जरा वर असेल तरच ते काढा, कारण पुरात ते तोंडाला अडकतं.

अनघड दगडी बांधांसाठी ओढ्यातलेच गोटे उचलणं हा याच चुकीचा भाऊ. हे बांध वरच्या कोरड्या घळीत घाला, बारमाही ओढ्यात नाही. उंची पाऊण मीटरच्या आत, मधला भाग कडेपेक्षा 20-30 सेंटिमीटर खाली, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर रुतवलेली, आणि खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत. मधला भाग उंच राहिला तर पाणी कडेने फिरतं आणि बांध जागेवर राहून काठच जातो.

मोरी आणि बरगे

मृगाच्या पाण्याबरोबर चढणीचे मासे वर निघतात. ते जिथं अडतात तिथंच जाळी लागतात. रस्त्याखालची सिमेंटची नळी हा सगळ्यात सामान्य अडथळा. तिच्या खालच्या तोंडाशी पाण्याने खड्डा पाडलेला असतो आणि नळी हवेत लोंबत असते. एक वीत उडीसुद्धा लहान माशांना जड जाते. नवी मोरी करताना नळीचा तळ ओढ्याच्या तळाच्या 30 सेंटिमीटर खाली ठेवा आणि रुंदी ओढ्याच्या पात्रापेक्षा कमी ठेवू नका. चौकोनी मोरी केव्हाही बरी. जुन्या मोरीखाली मोठ्या दगडांच्या पायऱ्या रचा, प्रत्येक पायरी 15 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पाण्याची पातळी चढून नळीच्या तळाला टेकते.

कोल्हापुरी बंधाऱ्याची सोय अशी की तो पावसाळ्यात उघडा होतो. चूक होते ती बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायच्या वेळेत आणि पद्धतीत. नदीला पाणी येईपर्यंत थांबलं तर मासे बंधाऱ्याखाली गोळा होऊन पकडले जातात. एकाच दिवशी सगळे बरगे काढले तर तळाचा कुजलेला गाळ एकदम उसळून खाली जातो आणि वाटेतल्या पाण्यातला प्राणवायू खातो. रोहिणी लागल्या की वरचे बरगे टप्प्याटप्प्याने काढा, आणि मृगापर्यंत मधला एक गाळा (दोन खांबांमधली जागा) तरी तळापर्यंत मोकळा करा. पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांशी हे आधी, डिसेंबरातच ठरवावं लागतं. मे महिन्यात कुणी ऐकत नाही.

आधी मासे सोडणं

ओढा तयार नसताना बीज सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चुकीचा मासा सोडणं. लोणावळ्याच्या वाळवण धरणाजवळ 1970 च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतं. तिथून आपल्याकडचा खडस कावेरीत सोडला गेला. तिथं तो फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर मागे हटत गेला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत परका असतो. चिलापी, आफ्रिकन मांगूर आणि डासांसाठीचे गप्पी मासे कोणत्याही ओढ्यात, किंवा ओढ्याला मिळणाऱ्या शेततळ्यात नकोत. वाट मोकळी केली तर खालच्या डोहात उरलेले मासे स्वतः चढतात. दोन-तीन पावसाळे वाट पाहा.

उन्हाळ्यातले डोह मात्र आत्ताच राखा. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने महसीर राखले गेले आहेत. आपल्या देवरायांतल्या डोहांना तेच संरक्षण देता येतं. ग्रामसभेचा ठराव करा, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून डोह नोंदवहीत चढवा. कमरेइतकं पाणी उरलं की त्या डोहातून मोटार बंद, हा नियम त्यात लिहा. ब्लीचिंग पावडर, सुरुंग आणि बॅटरीचा करंट यांवर गावाची नजर हवी, कारण एका रात्रीत पाच वर्षांची वाढ जाते. अभयारण्याच्या हद्दीत काहीही करण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या, दगड हलवायचा असला तरी.

मासे नाहीत, मग बिघाड कुठे?

पाऊस थांबून दोन तास झाले तरी पाणी लालच असेल तर वरच्या बाजूला रस्ता, खाण किंवा ताजी नांगरट आहे. ओढ्याने वर चालत जा. प्रत्येक फाट्यावर काचेच्या बाटलीत पाणी घ्या, लाल बाटली जिकडची तिकडे वळा.

पाणी नितळ, पण दगड हिरवे आणि बुळबुळीत असतील तर ऊन जास्त आहे, किंवा वरच्या उसाचं खत उतरतंय. बहुतेक वेळा दोन्ही.

पाणी नितळ आणि दगड स्वच्छ असतील तर वेगवेगळ्या खळाळांतले दहा दगड उलटून बघा. शेपटीला तीन तंतू असलेल्या चपट्या अळ्या आणि वाळूच्या कणांचं घर बांधणाऱ्या अळ्या दिसल्या तर अन्न आहे, अडचण वाटेत आहे. खालच्या मोऱ्या तपासा. एकही अळी नसेल तर कीटकनाशक किंवा ब्लीचिंगचा संशय घ्या. दगड जागेवर परत तसाच ठेवा, अंडी त्याखालीच असतात.

हिवाळ्यात मासे होते, एप्रिलमध्ये गेले, असं असेल तर दुपारी दोन-तीनला डोहाच्या तळाशी तापमान घ्या आणि पहाटे मोटारी कुठे चालू आहेत ते बघा. तळाशी 28 अंशांच्या वर आकडा आला तर सावली हवी आहे. आकडा ठीक असून पाणी रोज बोटभर उतरत असेल तर उपसा थांबवायला हवा. ज्यांच्या मोटारी आहेत त्यांच्याशी बैठक मार्चच्या आत घ्या.